दोन टेबलांच्या मधलं पाणी

मोठ्या ओढ्याच्या पुराचं संगणकावरचं मॉडेल आमच्या कार्यालयाचं, धाकट्याचं दुसऱ्या कार्यालयाचं. दोन्ही ओढ्यांच्या मध्ये फक्त कमरेएवढा उंचवटा. पुरात मोठा ओढा तो ओलांडून धाकट्यात घुसतो. आमच्या अहवालात तेवढं पाणी ‘बाहेर गेलं’ म्हणून वजा होतं आणि त्यांच्या अहवालात ते आलेलंच नसतं. अख्खा लोंढा दोन टेबलांच्या मध्ये गडप! जादूगाराने आमच्याकडे शिकवणी लावावी.

धाकट्याच्या काठावर माझी ताई राहते. म्हणून, आणि खरं सांगायचं तर फक्त म्हणूनच, मी दोन्ही मॉडेलं जोडून पाहिली. मोठ्या ओढ्याला बाजाराच्या बाजूने भिंत बांधायची ठरली होती. भिंत झाली की बाजार कोरडा आणि ताईच्या गल्लीत छातीभर पाणी.

“धाकटा ओढा आपला नाही,” साहेब म्हणाले.

“पाणी तर आपलं आहे ना?”

“उंचवट्यापर्यंत. पुढे त्यांचं.”

“ते म्हणतात, आमच्या हद्दीत पडलेल्या पावसाचंच आम्ही बघतो.”

“बरोबरच बोलले की! तू उंचवट्यावर भिंत धर आणि मोकळा हो.”

“तिथे भिंत नाहीये, साहेब.”

“मॉडेलमध्ये घालायला काय गवंडी लागतो? डोकं नको खाऊस.”

मी मॉडेलमध्ये ती भिंत घातली नाही. साहेबांनी दुसऱ्याकडून घालून घेतली. बाजाराची खरी भिंतही बांधून झाली. आभाळ गच्च भरून आलं तसा मी ताईकडे गेलो.

ती भांडी घासत होती. तिची सासू आतल्या खाटेवर, दोन्ही पायांनी अधू.

“आजच निघायचं. माझ्याकडे चला दोघी.”

“पाणी किती येईल म्हणतोस?”

मी छातीवर हात ठेवला.

“म्हणजे सासूबाईंच्या डोक्यावरून.”

“ऐकतेय हं मी!” खाटेवरून आवाज आला. “गेले नाही अजून.”

पाणी येणार हे मी आधीच कळवल्यावर ताईने गल्लीत सगळ्यांना सांगून पाहिलं होतं. शेजारीण हसली होती. या नाल्यात कधी पाऊल बुडत नाही. तुझा भाऊ साहेबाशी भांडलाय, त्याचा राग आमच्यावर कशाला? भांडलो तर होतोच.

ताईने सासूचे कपडे आणि औषधं पिशवीत भरली. पिशवी एकच.

“तुझी कुठाय?”

“मी नाही येत.”

“वेड लागलंय का तुला?”

“ओरडू नकोस. समोर ओली बाळंतीण आहे. पलीकडच्या मास्तरांना दिसत नाही. पाणी येणार हे या गल्लीत मला एकटीलाच खरं वाटतंय. मी गेले तर त्यांना कोपऱ्यावरच्या माडीवर कोण चढवणार? तुझे साहेब?”

शिव्या देऊन झाल्या, हात जोडून झाले. ती भांडी पुसत राहिली. शेवटी म्हणाली, “उचल आता त्यांना. कंबर सांभाळ तुझी.”

मी म्हातारीला उचललं. कापडाच्या गाठोड्याएवढीही जड नव्हती. गाडीत बसवलं तरी तिने माझा दंड सोडला नाही.

“मला काय नेतोस रे मुडद्या? मी आज ना उद्या जाणारच आहे. तिला ने ना!”

तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. मग मी गाडी सुरू केली.