भावोजींची शाश्वत सेवा

माझ्या अक्काला, वरलक्ष्मीला, कोणी भोळी म्हटलं की माझं टाळकं फिरतं. भोळी कसली? भाजीवाल्यानं शेराच्या वांग्यांत एक किडकं सरकवलं तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी त्याची हजेरी घेणारी बाई ती. तिला फोनवरच्या चोरानं गंडवलं म्हणून आमचे लोक आता चुक् चुक् करतात, आणि वर म्हणतात, जाऊ दे, देवाच्या नावानं गेलं. देवाच्या नावानं नाही गेलं. चोराच्या घशात गेलं. मी वीज मंडळात बिलाच्या खिडकीमागे जन्म काढला, लोकांच्या थापा ऐकत. मला कोणी गोड बोलून गप्प बसवू शकत नाही.

आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. अक्का कुंभकोणमला एकटी राहते, मी दारासुरम्‌ला. टाउन बस मिळाली की मी तिच्याकडे. तिचे यजमान, रघूत्तम भावोजी, दोन वर्षांमागं गेले. एकुलता मुलगा श्रीहर्ष कॅनडात. पहिल्या वर्षश्राद्धाला आला, सोवळं नेसला, पिंड दिले. दुसऱ्या वर्षी फोनवर म्हणाला, "अम्मा, रजा नाही. ऑनलाइन काही होत असेल तर करून टाक." करून टाक म्हणे, विजेचं बिल भरायचं असल्यासारखं. अक्का त्याला बरं म्हणाली. मला मात्र रोज एकच विचारायची, "जया, माझ्यामागं यांची तिथी कोण करणार गं?"

हा प्रश्न तिनं आमच्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही विचारला. तिथी, नक्षत्र, गोत्र, सगळं लिहून. त्या ग्रुपात कोण कोण बसलंय याचा पत्ता कोणाला? सगळे आपलेच, असं धरून चालायचं ही आमची जुनी खोड.

आठ दिवसांत आमच्या मठाच्या नावानं फोन आला. "नमस्कारम् मामी, मठातून श्रीवत्स बोलतो." नावसुद्धा बघा कसं निवडलं मेल्यानं. मठात आता शाश्वत सेवा सुरू झाली आहे, एकदा ठेव ठेवली की दरवर्षी मामांच्या, म्हणजे भावोजींच्या, तिथीला त्यांच्या नावानं ब्राह्मणभोजन होईल, तुम्ही असा नसा, सूर्यचंद्र आहेत तोवर होईल. मठाच्या देवाचा फोटो पाठवला. मग विचारलं, मामांना काय आवडायचं? अक्कानं सांगितलं, दह्यात कालवलेली उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी आणि गव्हाची खीर. तो म्हणाला, तेच करू मामी, पानात पहिलं तेच वाढू.

मग मोबाईलवर पैशाची मागणी आली. पिन टाका म्हणाला. आता आमची अक्का काय करते? मोबाईल ताम्हनात ठेवते. वर तुळशीचं पान. भावोजींचं नाव, गोत्र, संकल्प. पळीभर पाणी सोडते, कृष्णार्पणमस्तु म्हणते, आणि पिन दाबते. एका दिवसात सगळी रक्कम जाईना, म्हणून दुसऱ्या दिवशी उरलेल्या रकमेसाठी परत तेच. गुडघ्याच्या ऑपरेशनला ठेवलेली ठेव मोडली होती तिनं. मला कळू दिलं नाही, कारण मी शंका काढली असती. शंका घेऊन दिलेलं दान पोचत नाही, असं आमच्या आईनं शिकवलेलं.

तिथी झाली. प्रसाद घरी येणार होता, तो आला नाही. तेव्हा कुठं माझ्या कानावर घातलं, आणि मी तशीच उठून मठात गेले. तिथले व्यवस्थापक विजयराघव आमच्या नात्यातलेच. त्यांनी ऐकून घेतलं आणि उपरण्यानं तोंड पुसलं.

"जयाक्का, आमच्याकडं असली सेवाच नाही. त्या दिवशी इथं त्यांच्या नावानं काही झालं नाही."

"मग पोलिसांत चला माझ्याबरोबर."

"मठाचं नाव पोलिसांत कशाला? आणखी चार घरांत असंच झालंय. कोणी तक्रार केली नाही. कृष्णार्पण म्हटलेलं परत कसं मागायचं?"

"निदान दारात एक पाटी तरी लावा. असले फोन आले तर पैसे पाठवू नका म्हणून."

"उत्सव होऊ दे, मग बघू. आत्ता लोक घाबरतील, देणगी थांबेल."

झाकली मूठ सव्वा लाखाची. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय, आणि हे उपरण्यानं तोंड पुसतायत. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. परत आले ती चपलासुद्धा न काढता अक्कासमोर उभी राहिले. सगळं सांगितलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता एक नऊ तीन शून्यला, त्या सायबर चोरीच्या तक्रारीच्या नंबरला, फोन लाव. जितका उशीर तितके पैसे पुढं पुढं सरकवतात ते.

अक्का म्हणाली, "देऊन झालं, जया. पाणी सोडलं मी."

"कोणाला सोडलंस? चोराला?"

"मी कृष्णाला दिलं. मधल्यानं खाल्लं तर ते पाप त्याचं. परत मागितलं तर माझं."

"आणि गुडघा?"

"असू दे."

मी तिला समजावलं, रागावले, रडलेसुद्धा. ढिम्म हलली नाही. आणि मग माझ्या ध्यानात आलं की ही पैशासाठी अडून बसलेली नाही. तक्रार केली की सेवा खोटी ठरते. सेवा खोटी ठरली की भावोजी त्या दिवशी उपाशी गेले. एवढं एकच तिला कबूल करायचं नव्हतं. मला तिची दया आली, आणि दया आली म्हणून आणखीच संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूजेला बसल्यावर मी तिचा मोबाईल उचलला. फोन लावला, तिची बहीण बोलते म्हणाले, कोणत्या खात्यात, कधी, कोणत्या नंबरावरून, सगळं वाचून दाखवलं. त्या नंबराचे मेसेज, तो देवाचा फोटो, काही पुसलं नाही, सगळं जपून ठेवलं, आणि नंबर ब्लॉक करून टाकला. पलीकडची मुलगी नीट बोलली. संध्याकाळी कळलं की निम्मे पैसे त्याच्या खात्यात अडवले आहेत. उरलेले गेले. आणि खातेदारानं, म्हणजे अक्कानं, स्वतः ठाण्यात येऊन जबाब द्यावा, असंही कळलं.

अक्काला सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "तू माझ्या पूजेच्या वेळी चोरी केलीस." मी म्हटलं, हो केली. पण रिक्षात बसली माझ्याबरोबर. का बसली मला माहीत नाही. बहुतेक माझ्या तोंडाला कंटाळून.

ठाण्यात एक तरुण पोलीसबाई होती. अम्मा, अम्मा करत तिनं अक्काला खुर्ची दिली, पाणी दिलं. तमिळमध्ये जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. शेवटी होतं, सांगितलेली सेवा झालीच नाही, माझी फसवणूक झाली.

अक्का म्हणाली, "पैसे गेले असं लिही, बाळा. सेवा झाली नाही असं लिहू नको."

"सेवा झाली असेल तर फसवणूक कसली, अम्मा? मग अडवलेले पैसेसुद्धा सोडावे लागतील. त्याच्याच खात्यात राहतील."

"राहू देत."

पोलीसबाईनं माझ्याकडं पाहिलं. अक्कानं पेन खाली ठेवलं, पदर सावरला, उठायला लागली. गुडघा वाकेना, टेबलाचा कोपरा धरून उठत होती. ते मला बघवलं नाही. आणि मी ओरडले. चारचौघांत आम्ही आपली भाषा बोलत नाही, पण त्या दिवशी मराठीतच ओरडले.

"अक्का, त्या दिवशी त्यांच्या नावानं मूठभर भातसुद्धा शिजला नाही. पच्चडी नाही, खीर नाही, पान मांडलं नाही कोणी. कळतंय का तुला? तुझा नवरा उपाशी गेला, आणि ज्यानं उपाशी ठेवला त्यालाच तू पैसे देऊन घरी निघालीस."

ठाण्यात कोणालाही एक अक्षर कळलं नाही. सगळे बघत मात्र होते. अक्का परत बसली. मग तिनं पेन घेतलं आणि सही केली. पोलीसबाई म्हणाली, फार चांगलं केलंत अम्मा, तुमच्यासारखे लोक पुढं येत नाहीत म्हणूनच यांचं फावतं. अक्कानं मान हलवली.

रिक्षात मीच बोलत होते, पैसे सुटायला अर्ज कुठं करायचा, बँकेत कोणाला भेटायचं, गुडघ्याच्या डॉक्टरची वेळ कधी घ्यायची. जिंकलेल्या माणसाला बोलावं लागतं. घर आलं. तिनं कुलूप काढलं, आणि आत न शिरता बाजूच्या बोळातून मागल्या दारी गेली. मला वाटलं पाय धुवायला गेली. बघते तर नळाखाली बादली लावून, नेसत्या साडीनिशी, डोक्यावरून पाणी घेत होती. कोणी गेल्याची बातमी आली की आमच्यात घरात पाऊल टाकायच्या आधी घेतात तसं.

शेजारच्या बाईनं भिंतीवरून वाकून विचारलं, "मामी, काय झालं? कोण गेलं?"

"आमच्या घरातले," अक्का म्हणाली.

मी तिथंच उभी होते, हातात ठाण्याची पोचपावती घेऊन. म्हटलं, अक्का, असं काय करतेस. तिनं डोळ्यांवरचे ओले केस मागं सारले, रिकामी बादली माझ्यापुढं ठेवली आणि नळ सोडला.

"तू पण न्हा," ती म्हणाली. "तुझे भावोजी होते."