भुवयांना सुट्टी

घसा बसला म्हणून डॉक्टरांनी मला बोलायची बंदी घातली, तेव्हा आमच्या घरात काय आनंद झाला म्हणून सांगू! नवरा म्हणाला, "चला, आता आमची वाक्यं आम्हालाच पुरी करता येतील." उत्तर अगदी जिभेवर होतं, पण बोलते कशी? नुसतं रोखून बघितलं. तर वर आणखी म्हणतो, "तोंड बंद, पण भुवयांची बडबड चालूच आहे की!"

ते मला शाळेत पोचेपर्यंत टोचत राहिलं. कारण मी गणित शिकवते त्या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळी पोरं खोडरबर म्हणतात. वहीत उत्तर लिहायचं, मान वर करून माझा चेहरा बघायचा आणि माझी भुवई जरा हलली की लगेच खोडून टाकायचं. कितीदा तर बरोबर उत्तरं खोडली आहेत कार्टीने! परीक्षेत समोर माझा चेहरा नसतो, मग पेपर कोरा. म्हणून आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तिला माझ्याकडून काढून सोप्या तुकडीत टाकायला निघाल्या होत्या. तिथे नुसत्या बेरजा गिरवायच्या. माझा तर तिळपापड झाला होता. पोरीला डोकं आहे हो! शेवटी त्या म्हणाल्या, "वर्गात येऊन बघते, मग ठरवू." आणि त्या आल्या त्या नेमक्या माझा घसा बसलेल्या दिवशी.

मी प्रत्येक बाकावर दोन्ही टोकं गाठ मारून जोडलेली एकेक दोरी ठेवली आणि फळ्यावर लिहिलं, 'दोरी तीच. आकार बदलला तर आतली जागा बदलेल का?'

"नाही!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर मोठ्या बाईंनीही मान डोलावली. दोरी तेवढीच, मग जागाही तेवढीच, यात काय विचारायचं! माझ्या भुवया वर जायला निघाल्याच होत्या. तेवढ्यात नवऱ्याचे शब्द आठवले आणि मी गुपचूप चालत वर्गाच्या मागे गेले.

खोडरबर आणि तिच्या शेजारच्या चष्मेवालीने दोरीत चार बोटं घालून चौकोन केला होता. खोडरबरने सवयीने फळ्याकडे बघितलं. मी तिथे नाही. तिने वळून मला शोधलं, तर मी सरळ कपाटात डोकं घातलं. तिथे काय शोधत होते ते देवाला ठाऊक. मनात धाकधूक, कारण मोठ्या बाई बघत होत्या आणि पोर नुसती बसून होती.

मग हळूच तिचा आवाज आला. "अगं, बोटं जवळ आण ना. अजून. अजून आण."

मी कपाटाच्या दाराआडून बघितलं. चौकोन लांबट झाला, मग चिंचोळा, मग दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या.

"संपली की!" खोडरबर जवळजवळ किंचाळली. "दोरी आहे तेवढीच आहे, आणि आतली जागाच संपली!"

वर्गात एकच कल्ला. "खोटं!" "दाखव!" मोठ्या बाई उठून आल्या. "असं कसं होईल गं?"

"धरा ना बाई, तुमची बोटं द्या," ती म्हणाली. मोठ्या बाईंनी बोटं दिली, दोरी मिटवली, उघडली, पुन्हा मिटवली आणि हसायलाच लागल्या. "अरेच्चा! मीसुद्धा फसले की."

पण खोडरबर आता कुणाचं ऐकते! "थांबा, मग सगळ्यात जास्त जागा कधी होईल?" तिने आणखी दोघींना बोलावलं. "तुझंही बोट घाल. तुझं पण." दोरीचे कोपरे वाढत गेले आणि बोथट होत गेले. "जितकी जास्त बोटं तितकी जागा वाढतेय. म्हणजे पार गोल झालं की सगळ्यात जास्त!"

मोठ्या बाईंनी मान वर करून मला शोधलं. "बरोबर आहे का हो?"

मी काही करायच्या आत खोडरबर म्हणाली, "त्यांना कशाला विचारता? मणी द्या. आधी चौकोनात भरू, मग गोलात भरू. जास्त कशात मावतात ते दिसेलच."

मण्यांची बरणी कपाटातच होती, ती मी पुढे केली. तिने ती माझ्या हातातून घेतली आणि माझ्याकडे न बघताच वळली. मोठ्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "राहू दे हिला इथेच." आणि लगबगीने मणी मोजायला जाऊन बसल्या.

माझे डोळे भरून आले. भुवया तर केसांपर्यंत गेल्या असतील. जाईनात का! तिकडे बघायला वेळ कुणाला होता?