बाकावर बसून राहिलेली साक्ष

मित्रांनो, न्यायालयाच्या दाराबाहेर भिंतीला टेकवलेला सागवानी बाक तो मीच. सुताराने मला नवं पॉलिश केलं तेव्हा लोक माझ्यावर टेकायलाही कचरत. आता माझा रंग उडालाय आणि माझ्याकडे कोणी वळूनही बघत नाही. पण एका खटल्याने मला दिलेला धक्का अजून ओसरलेला नाही.

भरदुपारी एका सराफाचं दुकान लुटलं गेलं. पुढे पोलिसांच्या ओळखपरेडीत सराफाने गोंधळून एका प्लंबरकडे बोट दाखवलं. खरं तर लुटीच्या वेळी प्लंबर एका नर्सबाईंच्या ओट्याखाली आडवा होऊन गळका पाइप बदलत होता. हेच सांगायला नर्सबाई रजा टाकून आल्या. प्लंबरचे वकील फोन कानाला लावूनच आत शिरत. "थांबा बाई, गरज लागली की बोलावतो," एवढंच म्हणत. बाई रोज येऊन माझ्यावर बसल्या. त्यांना कोणी बोलावलंच नाही.

निकालाच्या दिवशी दार उघडलं. सात वर्षांची शिक्षा झाली होती. एरवी आरोपींना मागच्या दारानेच आणतात-नेतात, पण त्या दिवशी पोलिसांनी प्लंबरला पुढून आणलं. बाईंना पाहून तो जागीच थिजला.

"ताई, तुम्ही आला होतात? वकील म्हणाले, तुम्ही यायला तयार नाही."

त्याच्या मागोमाग आलेली त्याची बायको हे ऐकून मटकन माझ्यावर बसली.

पुढे तिने एक नवी वकीलबाई गाठली. पहिल्या वकिलाने बचाव केलाच नाही, असं म्हणत वकीलबाईने वरच्या न्यायालयात अपील केलं. अपिलाचा निकाल लागल्यावर तिने नर्सबाईंना इथे बोलावून सांगितलं, "न्यायमूर्तींनी त्या पहिल्या वकिलांना विचारलं, या साक्षीदाराशी एकदा तरी बोललात का? ते म्हणाले, वेळच मिळाला नाही."

"अहो, मी तर दारातच होते," बाई पुटपुटल्या.

शिक्षा रद्द झाली आणि खटला पुन्हा उभा राहिला. या वेळी शिपायाने नर्सबाईंच्या नावाचा पुकारा केला. त्या उठल्या. क्षणभर माझी कड धरून उभ्या राहिल्या, मग आत गेल्या.

प्लंबर सुटला. बाहेर येऊन माझ्यावर बसला. हातात बेडी नव्हती, तरी त्याने दोन्ही मनगटं जवळजवळच धरली होती.

"चला, घरी जाऊ," बायको म्हणाली.

"जरा बसू दे. कोणी उठ म्हणत नाहीये ना?"

मित्रांनो, कुणाच्या दाराशी कोणी ताटकळत बसलेलं दिसलं, तर तसेच पुढे जाऊ नका. काय सांगायला आलात, एवढं तरी विचारा.