चुलीत गेलेला चुंबक

दोष धनराजचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण गाव बाकी सगळं बोलतं, एवढं सोडून. कुणी म्हणतं पावसाने दगा दिला, कुणी म्हणतं पोराचं नशीब. मी चुंबक बोलतोय. बांगडीसारखा गोल, मधे भोक. मी सगळं जवळून पाहिलं. त्यात नशीब कुठे दिसलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडाच्या गंजाची भुकटी दुसऱ्या एका भुकटीत कालवली, साच्यात दाबली, भट्टीत भाजली. भट्टीतून निघालो तेव्हा मी नुसता काळा दगड होतो, टाचणीही चिकटत नव्हती. मग मला तारेच्या वेटोळ्यात ठेवून विजेचा एक झटका दिला. पापणी लवायच्या आत माझ्या आतले सगळे कण एका दिशेला तोंड करून उभे राहिले. एक सपाट अंग उत्तर झालं, दुसरं दक्षिण.

लाउडस्पीकरच्या पाठीला बसून मी गडचिरोली जिल्ह्यातली कितीतरी लग्नं वाजवली. स्पीकर फाटला, मी भंगारात गेलो. तिथून धनराजने आणलं.

धनराज म्हणजे रोशनच्या वडिलांचा थोरला भाऊ. वडील वारलेले, म्हणून घरात शब्द त्याचाच. रोशन बारावीत नापास झाला, शिक्षण सोडलं आणि गावाच्या कडेची बोडी धरली. बोडी म्हणजे लहान तळं. तिच्यात त्याने मासळीची पिल्लं सोडली. बोटाएवढी झाली की मोठ्या तलाववाले घेऊन जातात. पाणी उतरलं की नाल्यातून ओढायला डिझेलचं इंजन होतं. राबायचा रोशन, मालक धनराज.

यंदा पावसाने ओढ दिली आणि नेमकं तेव्हाच धनराजने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. चुंबकांचं चाक, ना डिझेल ना वीज, आपोआप फिरतंय. पाणी असंच फुकट ओढू म्हणत त्याने रोशनला न विचारता इंजन विकलं आणि माझ्यासारखे चुंबक गोळा केले. "आपल्या सूरजागडच्या खाणीतलंच लोखंड हाय हे," असं चार माणसांत सांगायला लागला. माझी खाण मलाच माहीत नाही, याला कुठून कळली?

बाकीच्यांना सायकलच्या चाकावर बांधलं, मला समोर खांबावर. चाकावरचा चुंबक जवळ आला की मी त्याला ओढायचो. पुढे निघाला की मागे ओढायचो. मला दुसरं काही येतच नाही. येताना जेवढं देतो, तेवढं जाताना काढून घेतो.

रोशनने एकदा मला कागदाखाली ठेवून वर लोखंडाचा कीस भुरभुरला. कमानी उमटल्या, काही कडेबाहेरून, काही मधल्या भोकापाशी वळलेल्या. त्याने धनराजला बोलावलं.

"पाहा ना मोठेबाबा, एका अंगानं निंगते अन् दुसऱ्या अंगानं याच्यातच घुसते. फुकटचं काई उरत नाई. इंजन वापस आना, बोडी आटून राह्यली."

"बारावी नापास अन् मले शिकवून राह्यला?" धनराज म्हणाला. "तुह्या बापानंबी माह्यासमोर तोंड उघडलं नाई कधी."

रोशनने कीस झटकून कागदाची घडी घातली. नापास म्हटलं की तो गप्प व्हायचा, आणि धनराजला ते पक्कं ठाऊक होतं.

मग गाव जमवलं. मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष इस्तारी खुर्चीवर. धनराजने चाकाला हाताने रेटा दिला, चाक फिरलं, टाळ्या पडल्या. रोशनची आई दुर्गा थोरल्या दिराशी थेट बोलत नसे. ती शेजारणीला म्हणाली, पण शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशी, "काऊन ओ अंजनाबाई, ढकललं तं बैलबंडीचं चाकबी फिरते ना?"

लोक हसले. चाक डुलत डुलत माझ्यासमोर आलं आणि थांबलं.

धनराजचं तोंड उतरलं. "ताकद कमी पडून राह्यली. लोखंड तापवल्याबिगर पक्कं होत नाई," म्हणत त्याने मला खांबावरून सोडवलं.

"आगीत नका टाकू मोठेबाबा, मरते तो!"

टाकलं. चुलीत, लाल निखाऱ्यांच्या पोटात. दुखलं नाही. आतले कण एकेक करून दिशा विसरले, बस. बाहेर काढून मला खिळा लावला. खिळा खाली पडला.

तेव्हाही कुणी म्हातारा म्हणाला नाही की जा, आधी इंजन आण. इस्तारी म्हणाला, "जाऊ दे, मोठ्या मानसाच्या मनात चांगलंच होतं." रोशन आणि दुर्गा नाल्यातून बादल्यांनी पाणी वाहत राहिली. बादलीने बोडी भरत नाही. पिल्लं चिखलात तोंडं वर करून राहिली, मग पांढरी पोटं वर आली, मग बगळे आले.

माझ्या भोकातून दोरी ओवून रोशनने मला जाळ्याचं वजन केलं. आता जाळं खुंटीला आणि मी जाळ्याला. मला अजून जागं करता येतं. वेटोळ्यात ठेवा, झटका द्या, पुन्हा खिळे उचलीन. पिल्लांसाठी तसं वेटोळं नाही. म्हणून पोरांनो, मोठं माणूस चुलीत हात घालायला लागलं की मोठेबाबा-मोठेबाबा करत बसू नका, हात धरा.

रोशन आता घुग्घुसच्या सिमेंट कारखान्यात गोण्या उचलतो. पिल्लं मेली, बोडी सुटली, आणि ज्या एका कामात तो नापास नव्हता ते काम गेलं.