जेवणाचा नसलेला भोंगा

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. पाणीपुरवठ्याच्या इमारतीच्या गच्चीवर बसतो. वीज लागत नाही. दांडा फिरवा, ओरडतो.

मला घडवलं ते टोर्नेडोचा इशारा द्यायला.

तो कसा होतो? खाली उबदार, दमट हवा. वर थंड, कोरडी. वरचा वारा जोरात एकीकडे, खालचा हळू दुसरीकडे. मधली हवा लाटण्यासारखी आडवी लोळू लागते. वर चढणारी उबदार हवा त्या लाटण्याला उभं करते. ढग फिरतो, सोंड काढतो. सोंड जमिनीला टेकली की टोर्नेडो.

त्याची ताकद शून्य ते पाच आकड्यांत सांगतात. शून्य आकड्याचा फांद्या मोडतो. दोनचा छपरं उडवतो. पाचचा घराचा नुसता पाया ठेवतो. बारीक दिसला म्हणून मवाळ समजू नका.

वर्षानुवर्षं तो आलाच नाही. मी गंजू नये म्हणून मला रोज दुपारी बाराला वाजवत. लोक त्यावर डबे उघडू लागले. माझं कौतुकही झालं. घाबरवायला जन्मलो आणि वाढपी झालो.

मग एकदा, बाराच्या जरा आधी, ढगानं सोंड काढली.

माझी राखणदार, जिला सगळे वहिनी म्हणतात, ती दांड्याला भिडली. समोर पत्र्याच्या छपराचा शिवणकारखाना. सोंड त्याच्या पाठीमागून येत होती. आतल्या बायकांना दिसत नव्हती. त्या हात धुऊन डब्यांपाशी बसल्या. तिथली मुकादम म्हणजे वहिनीची नणंद. ती खिडकीतून म्हणाली, "वहिनी, घड्याळ पुढे गेलंय की भूक?"

वहिनीचा सगळा दम दांड्यात होता.

जेवणाचा भोंगा एका दमात संपतो.

हा संपेना.

चढलो. उतरलो.

चढलो.

वहिनीचे तळवे सोलले. तरी

चढलो.

बायका हसत होत्या. नणंद हसायची थांबली. तिनं डब्याचं झाकण लावलं.

"ही बाई उगाच हात दुखवून घेणाऱ्यातली नाही. उठा. तळघरात चला."

शेवटची बाई उतरलेली दिसली, तेव्हा कुठे वहिनीनं दांडा सोडला आणि खालच्या पंपघरात धाव घेतली.

छप्पर गेलं. माणसं सगळी राहिली. नंतर तज्ज्ञांनी पडझड पाहून त्या टोर्नेडोला दोनचा आकडा दिला. त्याचं माप असं मागाहून, नुकसानीवरूनच ठरतं.

आता बाराला मी गप्प असतो. वहिनी तेल घालते, आवाज होणार नाही इतका हळू दांडा फिरवते. जेवायची वेळ कळत नाही, अशी लोकांची कुरकुर आहे. असू दे.

मित्रांनो, तुमच्याकडच्या भोंग्याला तेल घाला, पण त्याला भलतं काम लावू नका. आणि तो वाजला की खाली उतरा. शंका तळघरात विचारा.