दिव्याखालचा चहा

ताईच्या लाकूडकामाच्या स्टुडिओत एक कायदा होता आणि तो तिनेच केलेला. टांगायचा दिवा नाजूक असो नाहीतर अवजड, ज्याने तो जोडला त्याने आधी त्याच्या खाली बसून कपभर चहा प्यायचा. मगच दिवा गिऱ्हाइकाकडे जायचा. लोक हसायचे. हसू देत! जे स्वतःच्या डोक्यावर टांगवत नाही ते दुसऱ्याच्या डोक्यावर कोणत्या तोंडाने टांगायचं? कायदा मोडायची कुणाची छाती नव्हती, ताईचा दराराच तसा होता.

दिवे जोडायचा तिचा धाकटा भाऊ. अंगाने काटकुळा, म्हणून सगळे त्याला काडी म्हणत. दोन लेकरांचा बाप झाला तरी काडीच. हा चहाचा कार्यक्रम त्याच्या भारी आवडीचा. खाली ऐसपैस बसून दिव्याला म्हणायचा, "पडतोस का रे? पड बघू!"

आज मात्र काडी कप घेऊन खिडकीपाशी उभा होता.

तुळईला नवा दिवा टांगलेला. चार माणसांनी उचलावं असं लाकडी चाक, आऱ्यांच्या टोकांना पितळी वाट्या, वाट्यांत बल्ब आणि सगळा भार मधल्या तुंब्यावर, सगळे आरे जिथे एकत्र येतात त्या ठोकळ्यावर. खाली ताईने स्वतः रंधलेलं लांबलचक टेबल आणि खुर्च्या. हॉटेलवाली बाई लेकीला घेऊन बघायला आली होती. उद्या तिच्या नव्या हॉटेलात याच दिव्याखाली माणसं जेवायला बसणार होती.

"काडी, बैस ना," ताई म्हणाली.

"बसतो की. चहा गरम आहे जरा."

"गरमच पितोस तू."

"आज जीभ भाजलीये."

ताईने त्याच्याकडे निरखून पाहिलं. तो पाळण्यात होता तेव्हापासून ती त्याला ओळखत होती. खोटं बोलताना तो कानामागे खाजवायचा आणि आता खाजवून खाजवून त्याने कान लाल केला होता.

तिने वर पाहिलं. सगळं ठाकठीक. फक्त तुंब्याच्या एका बाजूला पॉलिश जरा जास्तच चकाकत होतं. तिथेच दुसरा हात कशाला मारला? भेग पडली की भुसा आणि गोंद भरायचा, वरून पॉलिश मारायचं, ही युक्ती तिनेच त्याला शिकवलेली. पण ती खुर्चीच्या पाठीला ठीक. एवढं धूड त्या गोंदावर तोलायचं?

विचारावं तर गिऱ्हाईक समोर, इतक्या वर्षांचं नाव मातीत. न विचारावं तर...

"कुणीच बसत नाही? मग मीच बसते!" बाई हसत म्हणाली. ती पुढे होईपर्यंत तिची लेक टुणकन उडी मारून दिव्याखालच्या खुर्चीत बसलीसुद्धा. आणि वर काहीतरी करकरलं. अगदी हळू. बाईला ऐकूही गेलं नाही.

काडी पांढराफटक पडला. आता बोलेल, ताईला वाटलं. बोल रे बाबा, बोल!

पण तो धावत गेला, पोरीला उचलून आईच्या हातात दिलं आणि म्हणाला, "बाळ, ही माझी जागा आहे." मग तो स्वतः तिथे बसला. त्याने डोळे गच्च मिटले.

"ऊठ!" ताई किंचाळली. "ऊठ आधी तिथून!" तिने त्याची कॉलर धरली आणि खसकन ओढून त्याला भिंतीपर्यंत नेलं. मग बाईकडे वळली. "दिवा उद्या मिळणार नाही. मधलं लाकूड तडकलंय."

"आणि हे आत्ता सांगताय? उद्या उद्घाटन आहे माझं!"

"शिव्या घाला, चालेल. पण याच्या खाली कुणी बसायचं नाही."

बाईने काही बाकी ठेवलं नाही. तोंडाला येईल ते बोलली आणि लेकीला ओढत निघून गेली.

कामगारांनी दिवा चेनपुलीला घेऊन खाली उतरवला. जमिनीला टेकता टेकता तुंबा कडाड करून दुभंगला. आतून वाळक्या गोंदाची ढेकळं फरशीवर सांडली.

"कधी तडकलं?"

"परवा. भोक पाडताना."

"आणि परवापासून मूग गिळून बसलास? अरे, त्या पोरीच्या डोक्यात पडलं असतं! आणि तू? स्वतः जाऊन बसलास खाली! लाज नाही, अक्कल नाही, घरी दोन पोरं आहेत तुला!" तिचा आवाज चढत चढत पत्र्याला जाऊन भिडला. पलीकडे कामगारांचे रंधे थांबले.

"सांगणार होतो ग," काडी म्हणाला. "रोज सकाळी ठरवायचो. पण तू अशीच ओरडली असतीस."

मी कुठे ओरडते, असं ती ओरडणारच होती. पण पॉलिशवाल्यापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. चूक त्यांच्यातल्या कुणाचीच नव्हती, तरी घातल्या होत्या.

ताई मटकन खाली बसली. माझ्या तोंडापेक्षा याला तो दिवा डोक्यावर परवडला, एवढंच तिला कळत होतं.