सुतकातली चटई

मित्रांनो, तुम्ही चटईवर बसता, आमच्या तोंगा बेटांवर ती कमरेला बांधतात. मी अशीच एक जुनी चटई, कडेने पार विरलेली. हसू नका, माझा फाटकेपणा हाच माझा मान आहे.

बायकांनी केवड्यासारखी लांब पानं उकळून समुद्राच्या पाण्यात मुरवली, वाळवली आणि दोन महिने गप्पा हाणत मला विणलं. नवी होते तेव्हा आमच्या घरधन्याचे, फिनाउचे, वडील मला बांधून ऐटीत चर्चला जात. पुढे मी झिजले आणि सुतकाच्या कामाला लागले. घरातलं मोठं माणूस गेलं की मुलाने सगळ्यांत मोठी, सगळ्यांत फाटकी चटई छातीपर्यंत बांधायची, अशी आमची रीत. गेलेल्या माणसापुढे मी कोणीच नाही, एवढं त्यातून सांगायचं असतं. वडील गेले तेव्हा फिनाउने मला बांधलं आणि तो ढसाढसा रडला. नंतर कित्येक वर्षं मी पलंगाखाली पडून होते. झुरळांशिवाय कोणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी फिनाउही गेला. त्याचा एकुलता एक मुलगा सेमिसी ऑकलंडहून आला, तो काळा सूट घालूनच. फिनाउची थोरली बहीण, मेलेआने तिचं नाव, भावाच्या उशाशी बसली होती. आमच्यात बापाच्या बहिणीपुढे कोणाचं चालत नाही. तिने मला दारात टाकलं.

"ही बांध आणि मग आत ये."

"आत्या, हा सूट बाबांनी पाहिलाच नाही. दर फोनला विचारायचे, कधी घालून दाखवतोस म्हणून. एकदाच त्यांच्यासमोर असा उभा राहतो."

"बापासमोर साहेब होऊन? गाव काय म्हणेल माझ्या भावाला?"

"गावाचं राहू द्या हो. तुम्हाला तरी कळतंय ना?"

"कळतंय रे. म्हणून तर विनवतेय, बांध."

"नाही बांधणार."

"मग राहा बाहेर."

दोघंही फिनाउच्याच हट्टी रक्ताची. तो झाडाखाली रडत होता, ती आत रडत होती आणि मी उंबऱ्यावर निपचित पडले होते. मला फार लाज वाटली.

शेवटी शवपेटीवर खिळे ठोकल्याचा आवाज आला. सेमिसी धावला आणि मला उचलून कोटावरच गुंडाळू लागला. पण काथ्याची दोरी बांधायची सवय गेलेली, दोरी पुन्हा पुन्हा सुटत होती. गाठ बसेपर्यंत पेटी निघून गेली. तो दफनभूमीत पोचला तेव्हा थडग्यावरचा वाळूचा ढीगही सारखा करून झाला होता.

"उशीर केलास रे," आत्या म्हणाली.

"बाहेर तुम्हीच ठेवलंत."

त्यानंतर तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. दहा दिवसांचं सुतकही न पाळता निघून गेला.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. माणूस कसल्याही कपड्यात आला तरी आधी त्याला आत घ्या, एवढंच मागते. माझं कोण ऐकणार, ते मला ठाऊक आहे. मेलेआने आत्या आता अंथरुणाला खिळली आहे. तिला मूलबाळ नाही, म्हणून तिच्या सुतकात मला बांधायचं ते सेमिसीनेच. ती रोज सकाळी मला उन्हात टाकायला सांगते. येणार नाही, असं त्याने केव्हाच कळवलं आहे. तिला ते सांगायला घरात कोणी धजत नाही.